हाडं मोजावीत की डीएनए वाचावा?

परळची माझी भाची एमएस्सीच्या प्रकल्पापाशी अडली आहे. प्राण्यांची नातीगोती शोधायची, पण शरीररचनेवरून की डीएनएवरून?

खर्चात शरीररचना सरस: भिंग, चिमटा, व्हर्नियर आणि चिकाटी. डीएनएला प्रयोगशाळा हवी, शिवाय दर नमुन्यामागे पैसे.

खरा प्रश्न भरवशाचा. हाजी अलीच्या खडकांवरचं बार्नॅकल बघ. पांढरं, टणक, बोटाला खरचटवणारं कवच. कुणीही शिंपल्यांच्या कुळात टाकेल. प्रत्यक्षात ते कोळंबी-खेकड्यांच्या गोतातलं! अर्थात हे कळलं तेही रचनेवरूनच, १८३० च्या सुमारास त्याची पोहणारी पिल्लं पाहून. म्हणजे रूप फसवतं, पण अर्धवट पाहिलं तर. देवमाशाचा सर्वात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा, हे मात्र डीएनएनेच ठामपणे पुढे आणलं.

पण वरळीच्या टेकडीत सापडलेले इवलेसे बेडूक घे. सहा कोटींहून जास्त वर्षं दगडात. डीएनएचा मागमूस नाही. तिथे हाडंच बोलतात.

तेव्हा जीवाश्म किंवा संग्रहालयातले सांगाडे अभ्यासायचे तर शरीररचना घे. दिसायला सारख्या जिवंत जाती वेगळ्या करायच्या तर डीएनए. सहा महिने आणि मोजके पैसे असतील, तर मी रचनाच निवडेन. चार शंकास्पद नमुन्यांपुरता डीएनए करून घे.