आठ महिने मॅग्नेटिक फ्लोमीटर वापरल्यावर: प्लास्टिक पाइप असेल तर अर्थिंग रिंगा आधी मागवा

दोन महिन्यांपूर्वी मी कंपनीला तिसऱ्यांदा लिहिलं होतं, मीटर परत घ्या. आज तेच मीटर लाइनवर आहे आणि मी ते कुणाला काढू देणार नाही.

लाइन ५० मिलिमीटर पीव्हीसीची, पुढे टाकी. आधीचं टर्बाइन मीटर गाळाने सारखं अडकायचं. मॅग्नेटिक मीटरमध्ये फिरणारं काहीच नाही, चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या पाण्यात तयार होणाऱ्या व्होल्टेजवरून ते वेग ओळखतं, म्हणून हे घेतलं. पण पहिल्या दिवसापासून आकडा नाचायचा. तासाला ७ घनमीटरच्या आसपास हवा, तिथे क्षणात ५, क्षणात ९. सर्व्हिसवाला आला आणि डॅम्पिंग, म्हणजे आकड्याची सरासरी काढायचा वेळ, वाढवून गेला. आकडा शांत झाला, खरा झाला नाही. टाकी भरून पाहिली तर मीटरवर ५०० लिटर, टाकीत ४४०.

दुसऱ्या खेपेला बोर्ड बदलला. फरक शून्य. मग म्हणे तुमच्या पाण्यातच दोष. ह्यावरून कडाक्याचं भांडण झालं. अशा मीटरला साधारण ५ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर इतकी पाण्याची विजेची वाहकता पुरते, साध्या पाण्याची शेकड्यांत असते. दोष पाण्यात कसा?

शेवटी आमच्या फिटरनेच विचारलं, "मॅडम, रिंगा कुठे आहेत?"

मीटरच्या इलेक्ट्रोडवरचा, म्हणजे पाण्याला टेकणाऱ्या धातूच्या टोकांवरचा, सिग्नल मिलिव्होल्टच्या आसपासचा, कधी त्याहून कमी. लोखंडी पाइपात पाणी धातूला टेकलेलं असतं, त्यामुळे सिग्नल मोजायला मीटरला स्थिर आधार मिळतो. पीव्हीसीत पाणी कशालाच टेकत नाही आणि शेजारच्या व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचा) सगळा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. उपाय म्हणजे मीटरच्या दोन्ही बाजूंना फ्लँजमध्ये स्टीलची एकेक रिंग, आणि तिची तार मीटरच्या अर्थिंगला. कोटेशनमध्ये ह्या रिंगा होत्या, पुढे लिहिलं होतं 'ऐच्छिक'. पैसे वाचवायला मी ती ओळ खोडली. ऑर्डर फॉर्मवर पाइप कशाचा आहे हा प्रश्नच नाही. प्लास्टिकच्या पाइपवर ही वस्तू ऐच्छिक कशी असेल, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

रिंगा बसल्या, नाच थांबला. डॅम्पिंग परत कमी केलं. पण टाकीतली तूट तशीच! इथे मात्र चूक आमची होती. मीटर लाइनच्या सगळ्यात उंच जागी होतं आणि पुढे पाणी उघड्यावर टाकीत पडायचं. पाइप वरून रिकामा राहायचा. मीटर मोजतं वेग आणि धरून चालतं की पाइप भरलेला आहे, म्हणून जास्त दाखवायचं. पाणी वर चढतं त्या उभ्या पाइपात ते हलवलं. मीटरच्या आधी पाच व्यास, म्हणजे २५० मिलिमीटर सरळ पाइप, नंतर दोन व्यास, आणि व्हॉल्व्ह मीटरच्या पुढे. गॅस्केट आत डोकावत नाही ना हेही बघा, आमचं एक डोकावत होतं. मग पाइप भरून, व्हॉल्व्ह बंद करून झीरो घेतला, म्हणजे पाणी थांबलेलं असताना आकडा शून्यावर आणला. त्यानंतर टाकीवरच्या खुणेत आणि मीटरमध्ये फरक दिसलेला नाही.

आता दुसऱ्या लाइनसाठी २५ मिलिमीटरचं मागवलंय. तिथे तासाला जेमतेम १.८ घनमीटर पाणी जातं. ५० मध्ये वेग सेकंदाला पाव मीटर झाला असता, २५ मध्ये एक मीटर मिळतो, आणि वेग जास्त तर सिग्नलही जास्त. ह्या वेळी ऑर्डरच्या पहिल्याच ओळीत रिंगा लिहिल्या आहेत.