गावरान पिल्लांची वाढ: अंड्यात सुई, जास्त उष्णता की हिरवा लाईट?

पिल्लू बाहेर यायच्या आधीच वाढीसाठी काही करायचं असेल तर मुख्य रस्ते तीन, अंड्यात पोषण टोचायचं, उबवणीत काही दिवस तापमान चढवायचं किंवा हिरवा उजेड द्यायचा. यातलं बरंचसं काम ब्रॉयलरवर झालंय आणि गावरान पक्षी रक्तातूनच सावकाश वाढतो, त्यामुळे सुई मारली की दोन महिन्यांत पक्षी तयार असं कोणी सांगत असेल तर ऐका आणि सोडून द्या.

सगळ्यात जास्त बोलबाला सुईचा, म्हणजे इन ओव्हो फीडिंगचा. ऊनी आणि फर्केट या संशोधकांनी हे पुढे आणलं, २००३ मध्ये अमेरिकेत पेटंटही मिळालं. लॉजिक सोपंय, फुटायच्या आधी पिल्लू भोवतालचं गर्भजल पितं, मग १७-१८ व्या दिवशी त्यातच अमिनो आम्लं, साखर, जीवनसत्त्वं सोडली की ती सरळ आतड्यात जातात, आतडं लवकर कामाला लागतं आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे ऊर्जेचा साठा, जमतो, कवच फोडायची ताकद त्यातूनच येते. पण काम नाजूक आहे बरं. १८ व्या दिवशी अंडं कँडलिंगच्या, म्हणजे अंड्याच्या आतलं बघायच्या, लाईटवर धरलं की जाड टोकाला हवेची पोकळी तेवढी उजळ दिसते, बाकी सगळं काळं, सुई त्या पोकळीतून जेमतेम गर्भजलात उतरली पाहिजे, खोल गेली तर पिल्लाला लागते आणि कमी गेली तर द्रावण वरच राहतं. गावरान अंडं लहान, म्हणून ब्रॉयलरची सुईची खोली आणि डोस जसाच्या तसा उचलू नका. द्रावण निर्जंतुक आणि कोमट हवं, फार तीव्र झालं की पिल्लं आतच मरतात. टोचायच्या आधी जागा स्पिरिटने पुसा, नंतर भोक मेणाने बंद करा.

तापमानाचा प्रकार वेगळा. नेहमी आपण ३७.५ ते ३७.८ अंश ठेवतो, ब्रॉयलरच्या प्रयोगांत ७ व्या ते १६ व्या दिवसापर्यंत रोज १२ तास ३९.५ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता दिली, हेतू मुख्यतः पुढे उन्हाळा सोसावा हा. तेच २४ तास चालू ठेवलं तर गर्भाचं नुकसान होतं. आता ज्या छोट्या मशीनमध्ये वरच्या आणि खालच्या ट्रेचं तापमानच जमत नाही तिथे ३९.५ लावलं तर वरची अंडी कुठे पोचतील सांगता येत नाही, मी तरी असल्या मशीनवर हे करणार नाही.

हिरवा लाईट, साधारण ५६० नॅनोमीटरचा, छातीच्या स्नायूंच्या वाढीसाठी चांगला दिसलाय. बल्ब नको, एलईडीच लावा, नाहीतर अंडी तापतात. तपकिरी कवचातून उजेड कमी जातो हेही धरा. फायदा बेताचा, पण धोकाही तिन्हीत सगळ्यात कमी.

मग घ्यायचं काय? पिल्लांना पहिला दाणा कधी मिळतो ते आधी बघा. एकाच बॅचची पिल्लं २४-३६ तासांत पुढेमागे फुटतात आणि आधी निघालेली उपाशी बसतात, सुई मुळात ही उपासाची फट भरायला आहे. पिल्लं तुमच्याच ब्रूडरमध्ये, म्हणजे ऊब द्यायच्या जागेत, काही तासांत दाणापाण्यावर येत असतील तर सुईला करण्यासारखं फार उरत नाही, पण खोक्यातून दिवसभर लांब जात असतील तर विचार जरूर करा. त्याआधी अंडी वजनावर निवडा, पिल्लू अंड्याच्या साधारण ६५ ते ७० टक्के भरतं, म्हणजे ४० ग्रॅमच्या अंड्यातून २७ च्या आसपास आणि ५० च्यातून ३४, एवढा फरक फुकटात मिळत असताना आधी सुईकडे का धावायचं? खुडूक कोंबडीखाली अंडी बसवणाऱ्यांना तर एवढंच पुरे.

तरी सुई करायचीच असेल तर एकाच दिवसाच्या, एकाच वजनाच्या अंड्यांचे तीन गट करा, एक तसाच, एक नुसतं सलाईन टोचलेला, एक पोषण टोचलेला. किती फुटली ते मोजा आणि वजन फक्त पहिल्या आठवड्यात नाही तर विक्रीच्या वयातही घ्या, कारण सुरुवातीची आघाडी पुढे बऱ्याचदा पुसली जाते, आणि सलाईनच्या गटातच फुटण्याचं प्रमाण घसरलं तर गडबड पोषणाच्या द्रावणात नाही, टोचण्यात आहे.