पाणबुडीचा कॅप्टन कसा तयार होतो, जुळे सोलापूरच्या डिफेन्स क्लासमधली दोन दिवसांची वर्कशॉप

क्लासचं नाव देत नाही, तक्रारपण आहे म्हणून. पोरगा बारावीत, पाणबुडीचं वेड, आणि सोलापुरात याबद्दल विचारायचं कुणाला? म्हणून शनिवार-रविवारची १२०० फी भरली आणि मीपण मागं बसलो.

शनिवार वाया गेला. एसएसबीचं, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीचं, नेहमीचंच, मे महिन्याचं ऊन, साठ पोरं, दोन पंखे, झेरॉक्स नोट्स वाचता येत नाहीत. आणि पॅम्प्लेटवर 'सिलेक्शनची हमी' छापलंय ते काढा राव, पोरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

रविवारी मात्र पाणबुडीवर नोकरी करून रिटायर झालेले एक सर आले. त्यांनी हॉलच्या मधोमध एक पोरगा उभा केला, डोळ्याला रुमाल, हातात स्टॉपवॉच, आणि चार पोरं फ्रिगेट, म्हणजे शत्रूच्या युद्धनौका, म्हणून चार कोपऱ्यातनं त्याच्याकडं चालत सोडली. रुमाल पाच सेकंद वर, लगेच खाली, कारण पेरिस्कोप, म्हणजे पाण्याखालनं वर बघायची नळी, जास्त वेळ वर ठेवला की शत्रूला सापडतो. मग सांगायचं कोण कुठं आहे आणि किती वेळात डोक्यावर येईल. फ्रिगेटचा वेग ३० नॉट धरला म्हणजे मिनिटाला साधारण ९२५ मीटर, म्हणजे चार किलोमीटरवरची फ्रिगेट सव्वाचार मिनिटांत डोक्यावर, त्यात पाणबुडी खोल खाली न्यायला लागणारा वेळ वजा करायचा, आणि असे चार हिशोब एकदम डोक्यात चालू ठेवायचे. आमचा पोरगा तिसरी फ्रिगेट विसरला आणि ती पाठीमागनं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. त्याचा चेहरा अजून आठवतो मला.

सर म्हणाले ब्रिटिश नेव्हीत हेच खऱ्या समुद्रात खऱ्या फ्रिगेट सोडून करतात. पाणबुडीचा कॅप्टन व्हायचा हा १९१७ पासूनचा कोर्स, त्याला पेरिशर म्हणतात. शिकवणाऱ्याला नुसतं 'टीचर' म्हणायचं, तोपण मनात स्वतःचा हिशोब करत असतो आणि बोट धोक्यात आली तरच ताबा घेतो. नापास झालेल्याची बॅग भरून तयार, हातात व्हिस्कीची बाटली द्यायची जुनी पद्धत, छोट्या बोटीतनं किनाऱ्यावर, आणि पुन्हा पाणबुडीवर कधीच नाही. इतक्या वर्षांची नोकरी केलेला माणूस! हॉलमध्ये एकपण पोरगं बोलेना. मला आधी फार कडक वाटलं, पण आपल्या नौदलाच्या कलवरीसारख्या पाणबुडीत चाळीसच्या वर माणसं असतात आणि वर काय चाललंय ते एकट्या कॅप्टनला दिसतं, बाकी सगळे त्याच्या हिशोबावर. मग पटलं.

आपल्याकडचा रस्तापण त्यांनी नीट सांगितला. विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहन या नौदलाच्या पाणबुडी प्रशिक्षण केंद्रात बेसिक कोर्स, मग बोटीवर राहून एकेक व्हॉल्व्ह, एकेक पाइप शिकून परीक्षा, तेव्हा छातीवर डॉल्फिनचा बॅज. कमांडचा कोर्स त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

रविवारसाठी पाचपैकी पाच, शनिवारला एक. जाणार असाल तर फक्त रविवारची फी घेतात का विचारून बघा, आणि स्टॉपवॉच घरनं न्या, त्यांच्याकडं दोनच आहेत, आमच्या पोराचा नंबर यायला दीड तास गेला.