मोल्ड स्टार १५ स्लो : सिलिकॉन उत्तम, पण आधी प्रिंटकडे बघा

मी किल्ल्यांच्या छोट्या प्रतिकृती करते. मास्टर, म्हणजे मूळ नमुना, रेझिन प्रिंटरवर (द्रव रेझिन प्रकाशाने घट्ट करणारा थ्रीडी प्रिंटर) काढायचा, त्यावर सिलिकॉनचा साचा घ्यायचा. त्यासाठी सध्या स्मूथ-ऑनचं मोल्ड स्टार १५ स्लो वापरतेय.

याचे ए आणि बी असे दोन द्रव भाग येतात. ते समान मापाने घ्यायचे, वजनकाटा लागत नाही. बी आधी तळापासून ढवळून घ्या. बऱ्यापैकी पातळ असल्याने व्हॅक्यूमशिवायही बुरुजाच्या जंग्या (मारा करायची भोकं) स्वच्छ उठतात. ओतायला ५० मिनिटं मिळतात, साचा ४ तासांत निघतो. अर्थात हे आकडे २३ अंशांचे. एप्रिलमधल्या पुण्यात हात भराभर चालवा.

खरी मेख पुढे आहे. हे प्लॅटिनम सिलिकॉन, म्हणजे प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं. प्रिंटवर अर्धवट क्युअर झालेलं, म्हणजे पूर्ण घट्ट न झालेलं, रेझिन उरलं असेल, तर ते प्लॅटिनमचं काम अडवतं. साचा बाहेरून पक्का आणि प्रिंटला टेकलेल्या बाजूने चिकट निघाला, तर कारण हेच. सगळाच मऊ राहिला तर मिश्रण चुकलंय, प्रिंटला बोल लावू नका.

मी प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुते, दुसऱ्यांदा ताज्या अल्कोहोलमध्ये. पूर्ण सुकल्यावरच यूव्ही प्रकाश, तोही सगळ्या बाजूंनी आणि जमल्यास ६० अंशांच्या उबेत. मास्टर शक्यतो भरीव काढा. पोकळ प्रिंटच्या पोटात रेझिन साचतं आणि भोकातून झिरपत राहतं. मग क्लिअर ॲक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात आणि रात्रभर वाळवण. पण कच्च्या प्रिंटवर नुसता स्प्रे मारून भागेल असं दुकानदार सांगतात, त्यावर माझा विश्वास नाही. जाड थर दिलात तर तटबंदीचे चिरे बुजतात ते वेगळंच.

सर्वांत स्वस्त विमा म्हणजे त्याच रेझिनची एक चकती मास्टरबरोबर छापून, तिच्यावर तेच सगळे सोपस्कार करून सिलिकॉनचा ठिपका टाकणं. ठिपका कोरडा सुटला तरच डबा उघडा. हातात नायट्राइलचे मोजे घाला. लॅटेक्सही या सिलिकॉनला बिघडवतं. मास्टर दुरुस्त करायला गंधक असलेली क्ले तर अजिबात नको.

एवढा खटाटोप नको असेल आणि मोजकेच नग काढायचे असतील, तर टिनवालं आरटीव्ही (टिनच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं सिलिकॉन) घ्या. रेझिनबाबत ते फारसे नखरे करत नाही आणि स्वस्तही पडतं. मात्र साचा हळूहळू आक्रसतो, कडक होतो. फक्त त्याचे ब्रश आणि कप मोल्ड स्टारजवळ आणू नका, टिनचा अंशसुद्धा त्याला चालत नाही.