पुणे, मुंबई, जळगाव की मुक्त? नाशिकच्या विद्यार्थ्यासाठी तुलना

बारावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये घरोघरी एकच चर्चा सुरू होते. पुणे विद्यापीठ घसरले म्हणे, मुंबई वर गेले म्हणे, मग इथलेच कॉलेज धरायचे की मुंबईची पंचवटी एक्सप्रेस? ऐकीव असले तरी हे खरे आहे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या विद्यापीठ गटात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२३ मध्ये १९ वे होते, २०२४ मध्ये २३ वे आणि २०२५ मध्ये थेट ५६ वे. मुंबई विद्यापीठ याच गटात २०२४ मध्ये ६१ वे होते, २०२५ मध्ये ५४ वे झाले. राज्य सार्वजनिक विद्यापीठांच्या वेगळ्या यादीतही पुणे तिसऱ्यावरून अकराव्यावर आले.

फक्त हा क्रमांक गणेशखिंडीचा, म्हणजे पुण्यातल्या विद्यापीठाच्या आवाराचा आहे, नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कॉलेजचा नाही. विद्यापीठ गटात संलग्न महाविद्यालयांची माहिती धरतच नाहीत. विद्यापीठाच्या आवारातले विभाग, तिथले प्राध्यापक, तिथले शोधनिबंध आणि तिथून बाहेर पडणारे विद्यार्थी एवढ्यावरच गुण मिळतात. नाशिकमध्ये बीएससी करणाऱ्या मुलीचे कॉलेज विद्यापीठ १९ वे होते तेव्हा १९ वे नव्हते आणि आज ५६ वेही नाही. म्हणून पदवीसाठी विद्यापीठांची तुलना जवळपास निरुपयोगी ठरते. तिथे कॉलेजांची तुलना करावी. पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा पीएचडीसाठी आवारातल्या विभागात जायचे असेल, तर मात्र हे क्रमांक बघायलाच हवेत.

घसरण नेमकी कशाची?

एनआयआरएफमध्ये १०० पैकी ३० गुण अध्यापन आणि साधनसामग्रीला, ३० संशोधनाला, २० निकाल व पुढील वाटचालीला, १० सर्वसमावेशकतेला आणि १० लोकांच्या मतावर. अध्यापनाच्या ३० गुणांमध्ये शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आणि पीएचडीधारक, अनुभवी शिक्षकांची संख्या येते. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांचे दुखणे नेमके इथेच आहे. मंजूर पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत, निवृत्त होणाऱ्यांच्या जागी कंत्राटी शिक्षक येतात. कायम प्राध्यापक कमी झाला की पीएचडीचे मार्गदर्शक कमी, मार्गदर्शक कमी की निबंध कमी. एका रिकाम्या खुर्चीचे गुण असे दोन खात्यांतून जातात. यादीच्या मधल्या फळीत विद्यापीठांमधले गुणांचे अंतरही फार थोडे असते, त्यामुळे दोन-तीन गुण गेले तरी क्रमांक वीस-तीस पायऱ्या घसरू शकतो. ५४ आणि ५६ यांच्यातला फरक निवडीसाठी शून्य धरावा. २३ वरून ५६ हा मात्र खरा इशारा आहे.

विद्यापीठे आणि कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या श्रेणीतला घोळ तर कितीतरी पालकांना माहीतच नसतो. पुणे विद्यापीठाला २०१७ मध्ये ३.६० गुणांसह ए प्लस मिळाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये ३.५२ गुणांवर ए प्लस प्लस, मुंबईला त्याच वर्षी ३.६५ वर ए प्लस प्लस. म्हणजे ३.६० खाली आणि ३.५२ वर! कारण मधल्या काळात मोजपट्टीच बदलली. आधी ए प्लस प्लससाठी ३.७६ लागत, नंतर ३.५१ पुरेसे झाले. कॉलेजच्या फाटकावर लावलेली श्रेणी वाचताना तिच्याखालचे गुण आणि साल विचारावे. मूल्यांकन साधारण पाच वर्षे ग्राह्य असते, जुनी पाटी मात्र त्यानंतरही हलत नाही.

वाढ म्हणजे काय वाढले?

पुणे विद्यापीठ १९४९ चे, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर. सुरुवातीला १८ महाविद्यालये आणि पश्चिम महाराष्ट्रातले १२ जिल्हे. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, आणि पुण्याकडे पुणे, अहिल्यानगर, नाशिक एवढेच जिल्हे उरले. नकाशा आकसला, पण या तीन जिल्ह्यांत महाविद्यालयांची संख्या एवढी फुगली की परीक्षा घेणे आणि निकाल लावणे हेच विद्यापीठाचे मोठे काम होऊन बसले. मुंबईचेही तसेच. १८५७ चे विद्यापीठ, पण क्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले. २०१७ मध्ये सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय घाईने झाला, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि कुलगुरूंना पद सोडावे लागले. कायद्याने निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. ज्या विद्यापीठाकडे तुमचा ओढा आहे, त्याच्या तुमच्याच अभ्यासक्रमाच्या मागच्या चार सत्रांच्या परीक्षा संपल्याच्या आणि निकालाच्या तारखा शेजारी मांडून बघा. पुढे परराज्यात किंवा परदेशात प्रवेश घ्यायचा असेल, तर ही चार अंतरे क्रमांकापेक्षा जास्त उपयोगी पडतील.

मुंबईला जाणाऱ्यांनी आणखी एक बघावे. सिडनहॅम आणि एल्फिन्स्टन आता मुंबई विद्यापीठात नाहीत. ती डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली, पदवीवर त्याच विद्यापीठाचे नाव येते. त्यात वाईट काही नाही, पण मुंबई विद्यापीठाच्या नावासाठी घर सोडणाऱ्याला हे आधी ठाऊक हवे.

नाशिकमध्येच राहायचे ठरले तर

कॉलेज स्वायत्त आहे की नुसते संलग्न, हा पहिला प्रश्न. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवी विद्यापीठच देते. निकाल सहसा लवकर लागतो आणि नवे विषय लवकर येतात. उलट बाजू अशी की गुण देणारे आणि शिकवणारे तेच, त्यामुळे गुण सढळ हाताने पडतात आणि पुढच्या प्रवेश परीक्षेत फुगा फुटतो.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थेला तिने पाठवलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती पीडीएफ उघडा आणि शिक्षकांच्या तक्त्यात तीन रकाने बघा: शिक्षण, रुजू झाल्याची तारीख आणि नेमणुकीचा प्रकार. तुमच्या विषयातले निम्म्याहून जास्त शिक्षक गेल्या दोन वर्षांत रुजू झालेले आणि कंत्राटी दिसले, तर तिसऱ्या वर्षी तुम्हाला दुसरेच कोणी शिकवतील असे समजा. त्याच पीडीएफमध्ये किती विद्यार्थी नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले आणि पगाराचा मध्यांक किती, हेही असते. जाहिरातीतले 'सर्वोच्च पॅकेज' एका मुलाचे असते, मध्यांक मधल्या मुलाचा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ श्रेयांकांची (क्रेडिट), चार वर्षांची १६० ते १७६ श्रेयांकांची. कागदावर चौथे वर्ष सगळीकडे दिसते. ते संशोधनासह हवे असेल, तर विभागात मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि चालू प्रयोगशाळा आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे. दिंडोरी तालुक्यातल्या शिवनई येथे पुणे विद्यापीठाचा नाशिक उपपरिसर उभा राहतो आहे. तिथला अभ्यासक्रम धरायचा तर निकष तेच: इमारत नव्हे, कायम शिक्षक मोजा.

अभियांत्रिकीत विद्यापीठाच्या नावाला आणखी कमी वजन. इथे कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, कटऑफ याद्यांत जागेच्या सांकेतिक शब्दाचे शेवटचे अक्षर बघायचे: एच म्हणजे स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातला, ओ म्हणजे बाहेरचा, एस म्हणजे राज्यस्तर. नाशिकचा विद्यार्थी पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात एचमध्ये बसतो, जळगाव किंवा मुंबईकडे ओमध्ये. कितीतरी जण दुसऱ्या क्षेत्रातल्या कॉलेजचा एचचा कटऑफ पाहून पर्याय भरतात आणि फेरी वाया घालवतात. कॉलेज लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न असेल, तर अभ्यासक्रम आणि वेळापत्रक पुण्याचे नसेल, एवढे ध्यानात ठेवावे.

वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग या शाखांत तुलनेचा प्रश्नच येत नाही. अभिमत विद्यापीठे सोडली तर राज्यभर पदवी म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच. तिथे फक्त कॉलेज आणि त्याला जोडलेले रुग्णालय बघायचे.

जळगाव

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे नाशिक शहरातले लोक फारसे बघत नाहीत. मालेगाव-बागलाणकडच्यांनी मात्र जरूर बघावे. मालेगावहून या विद्यापीठाच्या क्षेत्रातले धुळे साधारण ५० किलोमीटर, पुणे त्याच्या कितीतरी पट लांब. या विद्यापीठाची जमेची बाजू म्हणजे आवारातली रसायनशास्त्राची प्रशाळा आणि रासायनिक तंत्रज्ञान संस्था. रंग, तेल, प्लास्टिक, अन्न तंत्रज्ञान यांत जायचे असेल, तर नाशिकमधल्या सर्वसाधारण केमिकल शाखेपेक्षा हा पर्याय सरस ठरू शकतो. कला-वाणिज्याच्या पदवीसाठी मात्र जिल्हा ओलांडण्याचे कारण दिसत नाही.

मुक्त विद्यापीठ: कमी प्रतीचे नाही, वेगळ्या कामाचे

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे, मुख्यालय गंगापूर धरणाजवळ, पहिले कुलगुरू राम ताकवले. एनआयआरएफने २०२४ पासून मुक्त विद्यापीठांची स्वतंत्र यादी सुरू केली. तीत पहिल्या तिघांचेच क्रमांक जाहीर होतात आणि २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी आपले मुक्त त्यांत नव्हते. घराजवळचे म्हणून अभिमान बाळगणाऱ्यांना हे टोचेल, पण पदवीच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) दूरशिक्षण मंडळाने (डीईबी) मान्य केलेल्या अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते. एमपीएससी, यूपीएससी, बँकांच्या परीक्षा सगळीकडे चालते.

सातपूर-अंबडला पाळीत काम करणारा, लग्नानंतर शिक्षण सुटलेली, स्पर्धा परीक्षेसाठी दिवस मोकळा हवा असलेला, अशांना हेच योग्य. रोज प्रयोगशाळा लागणाऱ्या विषयासाठी किंवा कॅम्पसमधूनच नोकरी हवी असणाऱ्यासाठी नाही. गाडी अडते ती मान्यतेपाशी नाही, शिस्तीपाशी. प्रवेश घेतानाच त्या वर्षीच्या मान्य अभ्यासक्रमांच्या यादीत आपला अभ्यासक्रम आहे का, हे मंडळाच्या संकेतस्थळावर पाहावे, आधी एबीसी (श्रेयांक जमा होणारे खाते) आणि मग डीईबी क्रमांक काढून ठेवावा. मग गृहपाठ. अंतर्गत गुण त्यावरच असतात आणि तारीख चुकली की लेखी परीक्षेत चांगले गुण असूनही विषय राहतो. दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी आपोआप होत नाही, हेही कितीतरी जणांना वर्ष वाया गेल्यावर कळते.

दोन्ही एकत्रही करता येते. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी एक नियमित आणि एक दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे. नाशिकच्या कॉलेजात बीकॉम आणि सोबत मुक्तची पदविका, हा मुंबईत खोली घेऊन राहण्याच्या खर्चाच्या मानाने फार स्वस्त पर्याय आहे.

एमए, एमएससी, पीएचडीला जाताना

इथे मात्र पुणे विद्यापीठाचे पारडे आजही जड आहे, क्रमांक ५६ असला तरी. गणेशखिंडीच्या ४११ एकरांत विभागांच्या शेजारी आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था आहेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मिळणारी व्याख्याने, ग्रंथालय आणि उन्हाळी प्रकल्प यादीतल्या कुठल्याच रकान्यात मोजले जात नाहीत. मुंबईत अर्थशास्त्र, वाणिज्य, माध्यमे यांसाठी शहरच निम्मा अभ्यासक्रम शिकवते. पीएचडीला विद्यापीठ नव्हे, मार्गदर्शक निवडा. यूजीसीच्या नियमाने प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थीच राहू शकतात. प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊनही जागा नसल्याने थांबणारे पुष्कळ असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी विभागाच्या रिक्त जागांची यादी बघून मार्गदर्शकाला पत्र लिहावे.

विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावर काम भागत नाही. नवे विद्यापीठ तात्पुरता प्रवेश देते, पण ठरलेल्या मुदतीत ते प्रमाणपत्र आणि पात्रतेचा अर्ज पोहोचला नाही तर परीक्षेचा अर्ज अडतो. शेवटच्या सत्राचा निकाल लागताच त्यासाठी अर्ज करावा. पुण्याला नाशिकहून सरळ रेल्वेमार्ग नाही, २१० किलोमीटरची खेप एका शिक्क्यासाठी दोनदा करावी लागू नये.