जीपीएल सॉफ्टवेअरचे पैसे: कॉपीचे घ्यावेत की कामाचे?
कोथरूडमधल्या एका सोसायटीला मी मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर चार हजारांना दिलं. मूळ प्रोग्राम जीपीएलचा, म्हणजे वापरायची, बदलायची आणि पुढे वाटायची मुभा देणाऱ्या लायसन्सचा; मराठी पावत्या मी घातलेल्या. पंधरा दिवसांनी शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका भेटले. "तुमचं ते बिलाचं छान आहे हो, आम्ही पण टाकून घेतलं!" दिलं कोणी, तर पहिल्या सोसायटीच्या काकांनीच. आणि त्यात बेकायदा काही नाही. तो हक्क लायसन्सनेच त्यांना दिलाय.

फुकट वाटायची सक्ती मात्र तुमच्यावरही नाही. २००७ च्या जीपीएल तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की कॉपीला हवी ती किंमत लावा, नाहीतर लावू नका. जीपीएलचे जनक खुद्द रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये आपल्या ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरची टेप १५० डॉलरला पाठवत. अडतं ते सोर्स कोडपाशी, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुरापाशी. प्रोग्राम दोन हजारांना आणि सोर्सचे वेगळे दहा हजार, ही चलाखी चालत नाही. डाउनलोडला ठेवलात तर त्याच्या सोर्सचे जादा पैसे घेता येत नाहीत. 'पुढे कुणाला देऊ नका' असं बिलावर छापणंही व्यर्थ.

कॉपीची किंमत लावण्यात सोय मोठी: एकदा पैसे, विषय संपला. गिऱ्हाईक लांबचं, संख्येने भरपूर आणि रक्कम किरकोळ असेल तर हे जमतं. आर्डर या ऑडिओ सॉफ्टवेअरचा सोर्स फुकट मिळतो, पण तयार इन्स्टॉलरचे पैसे पडतात. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर स्वतःच्या साइटवर फुकट आहे, स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत. सोर्सवरून चालता प्रोग्राम स्वतः तयार (कंपाइल) करत बसण्यापेक्षा लोक पैसे मोजतात. पण आपल्याकडे सोसायट्यांचे सेक्रेटरी एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतात. दुसरी कॉपी विकायच्या आत पहिली फिरलेली असते.

कामाचे पैसे म्हणजे बसवून देणं, जुन्या एक्सेलमधली थकबाकी आत घेणं, वर्षाची एएमसी. पुण्यात ऑफिस असलेली रेड हॅट ही लिनक्स कंपनीही विकते ती सबस्क्रिप्शनच. त्रास भरपूर, हे आधीच सांगतो. ३१ मार्चच्या आसपास फोन खाली ठेवता येत नाही, आणि भर पावसात धायरीला स्कूटर काढावी लागते. तरी एकट्याने, ओळखीपाळखीवर धंदा करणाऱ्याने हेच करावं, असं माझं मत. (कोड अथपासून इतिपर्यंत तुमचाच असेल तर तोच वेगळ्या व्यावसायिक लायसन्सवरही विकता येतो. माझा नव्हता.)

त्या दुसऱ्या काकांचा एप्रिलमध्ये फोन आला. सगळ्या बिलांच्या तळाशी पहिल्या सोसायटीचं नाव छापून येत होतं आणि एकशे बारा फ्लॅटना ती वाटूनही झाली होती. गेलो, तासाभरात नीट करून दिलं. पंधराशे घेतले, आणि एएमसीचा कागद तिथेच सहीला ठेवला.