जुन्या आरएक्सच्या इंजिन कव्हरला स्टेनलेस ॲलन बोल्ट: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या घरची यामाहा आरएक्स १०० आहे १९९४ ची. बाबांनी तेव्हा नवीकोरी घेतली होती, आता मी चालवतो. १९९६ नंतर हे मॉडेल आपल्याकडे बनलंच नाही, म्हणजे रस्त्यावरची प्रत्येक आरएक्स १०० तिशीला टेकलेली. एवढ्या वयाच्या गाडीत सगळ्यात आधी कशाने जीव काढला असेल, तर इंजिन कव्हरच्या स्क्रूंनी.

गेल्या मे महिन्यात क्लच प्लेटा बदलायच्या म्हणून उजवं कव्हर उघडायला बसलो. पहिल्याच स्क्रूची खाच गोल झाली. दोन स्क्रूंची तर डोकीच तुटून हातात आली. बाकीचे निघाले, पण त्यांच्यावर आधी कुणीतरी छिन्नी मारल्याच्या खुणा होत्या, आणि एका भोकातले आटे पार गेलेले. कुठल्याशा गॅरेजमध्ये कधीतरी तिथे जाड बोल्ट दामटून बसवला होता.

स्क्रू का खराब होतात, हे मला तेव्हा कळलं. वरून अधिकच्या चिन्हासारखी दिसणारी ती खाच साध्या फिलिप्सची नसते, जपानी मापाची असते. डोक्यावर एक बारीक ठिपका दिसला की ओळखायचं. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्या खाचेत तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि कडा खातो. जपानी मापाचं बिट घेऊन, हातोडीने मारायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरवर लावलं, तर नव्वद टक्के स्क्रू एका ठोक्यात सुटतात. हे बिट आधी घेतलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता.

तुटलेल्या दोन्ही स्क्रूंसाठी नाना पेठेतल्या एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "आज हात लावू नकोस. डिझेल सोड, रात्रभर राहू दे, उद्या ये." दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी उतरवायला लावली, पेट्रोलचा पाइप बंद करायला लावला आणि मगच गरम हवेची गन काढली. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक सैल पडतं. एक स्क्रू कव्हर काढल्यावर पाच-सहा मिलिमीटर बाहेर राहिला होता. तो लॉकिंग प्लायरने धरून आधी किंचित आत, मग बाहेर, असा हलवत हलवत निघाला. दुसरा मात्र पृष्ठभागाच्या पातळीवर तुटलेला. त्यावर काकांनी पंच मारून मधोमध खूण केली आणि उलट्या फिरकीचं तीन मिलिमीटरचं ड्रिल लावलं. भोक निम्मं झालं नसेल तोच तुकडा ड्रिलवर चढून आपोआप बाहेर आला. तो क्षण मी विसरणार नाही. तुटका स्क्रू स्वतः काढण्यासाठी मी एक्स्ट्रॅक्टर विकत घ्यायच्या बेतात होतो. काका म्हणाले, तो कडक पोलादाचा असतो, आत तुटला तर त्यावर ड्रिलही चालत नाही.

आटे गेलेल्या भोकाला त्यांनी हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी बसवली. सगळ्या कामाचे साडेचारशे रुपये घेतले. माझ्या मते स्वस्तात झालं.

आता बोल्ट. मी एम ६ चे (सहा मिलिमीटर जाडीचे), एक मिलिमीटर पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) स्टेनलेस ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेले, सुटे घेतले, एकेक दहा-बारा रुपयांना. तयार किटपेक्षा मला हेच बरं वाटलं, कारण कव्हरचे सगळे बोल्ट एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून, जिथला स्क्रू तिथेच भोक पाडून खोचून ठेवला आणि तो पुठ्ठा घेऊनच दुकानात गेलो. लांबी चुकली की दोन्हीकडून नुकसान. लांब बोल्ट तळाला टेकतो आणि केसिंग फोडतो, आखूड बोल्ट चार आट्यांवर लटकतो आणि ते आटेच ओढून आणतो. ॲल्युमिनियममध्ये निदान नऊ मिलिमीटर, शक्यतो बारा मिलिमीटर बोल्ट आत जायला हवा.

डोक्यावर ए२-७० असा स्टेनलेसचा प्रकार आणि ताकद सांगणारा छाप बघून घ्या. खरं स्टेनलेस ओळखायला चुंबक लावून बघायचा सल्ला बरेच जण देतात, पण चांगला स्टेनलेस बोल्टसुद्धा थंड अवस्थेत दाबून घडवल्यामुळे थोडासा चुंबकाला चिकटतो.

बसवताना उजव्या बाजूच्या प्रत्येक बोल्टला तांब्याचं ग्रीस लावलं, नवं पॅकिंग घातलं, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले. आठ न्यूटन मीटरच्या वर गेलो नाही. वंगण लावलेला बोल्ट त्याच जोरात जास्त ओढला जातो. आवळायचा जोर मोजणारा टॉर्क रेंच नसेल तर ॲलन कीची आखूड बाजू हातात धरून आवळा, म्हणजे हाताला जास्त ताकद मिळत नाही. दोनशे किलोमीटरनंतर परत तपासलं, तर पॅकिंग बसल्यामुळे तीन बोल्ट पाव फेरा फिरले.

डाव्या मॅग्नेट कव्हरच्या वेळी ग्रीसची ट्यूब संपली. दोन बोल्ट कोरडेच बसवले. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

जून ते सप्टेंबर गाडी रोज सिंहगड रस्त्याने धावली. नोव्हेंबरमध्ये ताम्हिणीतून दिवेआगरला जाऊन आलो, समुद्राजवळ दोन रात्री गाडी उघड्यावर होती. बोल्टच्या डोक्यांवर चहाच्या डागासारखी पुसट तपकिरी छटा आली, ती हिरव्या घासणीने निघाली. ॲलनच्या खाचेत चिखल घट्ट बसतो, तो टोकदार काडीने काढून मगच की लावावी, नाहीतर तिथेही कडा जाते. तेल कुठेही पाझरलं नाही.

गेल्या रविवारी किकची स्प्रिंग तुटली म्हणून उजवं कव्हर परत उघडलं. सगळे बोल्ट टी-हँडलने बोटांच्या जोरावर सुटले, आट्यांवर ग्रीस अजून ओलं होतं. मग उत्सुकतेने डावीकडचे ते दोन कोरडे बोल्टही काढायला गेलो. एक करकर करत निघाला आणि त्याच्या आट्यांत पांढरी भुकटी भरलेली होती. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम झिजतं, ती भुकटी त्याचीच. फक्त नऊ महिन्यांत एवढी.

दुसरा हलला नाही. जोर केला नाही. डिझेल सोडून ठेवलंय, शनिवारी टाकी उतरवून गरम करून बघेन.